कमरेचा खरा आकडा

१४ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. कागदावरच हो. मशीनवर बसून बसून कंबर धरली आहे. खरा घातला तर उठवायला तुलाच यावं लागेल. बाकी ठीक. दुकानात गणवेशांची घाई आहे आणि आमचे हे काज-बटणं करण्याच्या नावाखाली डुलक्या काढतात.

रविवारी तू माप द्यायला आलीस आणि मशीनचं डोकं एकटीनं उचलून टेबलावर ठेवलंस. पोटाच्या ऑपरेशनला आठच महिने झालेत. पूर्वी दुकानाच्या चार पायऱ्या चढलीस की आधी स्टूल लागायचं, मग पाणी, मग बोलणं. शेजारच्या इस्त्रीवालीनं खोचकपणे विचारलं, "पोट कापून बारीक होण्यात कसली आलीय मेहनत?" तर तू शांतपणे म्हणालीस, "पोट डॉक्टरांनी लहान केलं. डंबेल्स रोज मीच उचलते." तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दंडाची सैल कातडी झाकायला मी लांब बाही सुचवली, तेव्हा म्हणालीस, "अर्धीच ठेव. माझीच कातडी आहे." ताई, मला तुझा फार अभिमान वाटला.

काल तुझी चिठ्ठी आली. तीन आठवडे वजनाचा काटा हलत नाही, म्हणून सोमवारपासून रात्रीचं जेवण बंद म्हणे. असं करू नकोस गं. काटा चरबी आणि स्नायू एकत्रच तोलतो. माझी टेप सांगते की महिन्याभरात कंबर दोन इंच उतरली आणि दंड घट्ट झाला. उपाशी राहिलीस तर कमावलेला स्नायूच आधी जाईल, हे तुझ्या आहारवाल्या बाईंनी माझ्यासमोर सांगितलंय.

तू म्हणशील, टेपचं काय घेऊन बसलीस, ती तर वर्षानुवर्षं एकच आकडा सांगत होती. आणि इथेच माझी पंचाईत आहे.

सहा वर्षांपूर्वी मी गिऱ्हाइकांसमोर तुझ्या कमरेचा आकडा मोठ्यानं म्हटला होता. तू अर्धा तास कपडे बदलायच्या पडद्याआड रडत बसलीस. त्या दिवसापासून मी वहीत खरा आकडा लिहायचे आणि तुला जुनाच सांगायचे. शिवणीत चार बोटं जास्तीचं कापड दाबून ठेवायचे, दर खेपेला गुपचूप उसवून द्यायचे. तुला धाप लागली की तू म्हणायचीस, "मापं तर तीच आहेत, वय झालं असेल." मी मान डोलवायचे. डॉक्टरांकडे जायला तुला एवढा उशीर झाला, त्यात माझा वाटा आहे. वाटायचं, तुझं मन जपतेय. खरं तर तुझ्या रडण्याला मी घाबरले होते.

आता रागाव, अबोला धर, काय वाटेल ते बोल. पण माझ्या जुन्या खोट्यापायी आजचं खरं माप फुकट घालवू नकोस. शनिवारी ये. टेप तूच धर, आकडाही तूच वाच. मी हात मागे बांधून उभी राहीन.

आणि येताना पोटभर नाही, पण जेवून ये.

तुझी,
धाकटी