मोहरासाठी मागवलेला बर्फ

बेंबळी, माघ वद्य

प्रिय प्रेमा,

परागकण मेला असं नेमकं कधी म्हणायचं? बी.एस्सी. होऊनही मला सांगता येत नाही. साखरेच्या पाण्यात ज्याला अंकुर फुटत नाही तो कधीकधी फुलावर फुटतो, असं कॉलेजातले सर म्हणायचे. तू हैदराबादेत डॉक्टरकी शिकतेस. तुमच्याकडं निदान नाडी तरी असते.

तेर गावचा आंबा गोड, पण पौषातच मोहरतो आणि धुक्यात जळतो. आमच्या मळ्यातला उशिरा मोहरतो, भरपूर धरतो, फळ मात्र आंबट. दोघांचा संकर करायचा तर आमचं झाड फुलेपर्यंत तेरचा पराग जिवंत ठेवायला हवा. म्हणून तो चुन्याच्या खड्यावर सुकवून काचेच्या नळीत भरला आणि नळी बर्फाच्या पेटीत पुरली. बर्फ सोलापूरहून भुशात गुंडाळून येतो, पुढं स्टेशनावरून बैलगाडीनं. निम्मा वाटेतच वितळतो. गावात मी आता बरफवाली. या कामाबद्दल चार शब्द बोलावेत असं इथं कुणी नाही. भुसा झाडताना मी त्या पेटीशीच बोलते.

तुझे अप्पा आणि शिवलिंग मला बघायला आले, तेव्हा मी मळ्यात होते. कळंबचे मोठे पाहुणे, म्हणून आईनं सगळा बर्फ फोडून सरबतात घातला. मी धावत आले तर कौतुकानं म्हणते, "अगं, तुझी नळी न्हाय टाकली! मुंग्या लागू नयेत म्हणून चुलीवरच्या कोनाड्यात ठिवली की." तिच्यावर रागवायचं तरी कसं? अप्पा सरबत पीत हसले. "पोरगी बरफ खेळती म्हणत होते, ते हेच व्हय? लई झ्याक! लग्नानंतर मातर हा खेळ पुरे." मी शिवलिंगकडं पाहिलं. तो पेल्यातला बर्फ हलवत राहिला.

मी तुझी वहिनी होणार, हे आपण वसतिगृहात किती रंगवलं होतं! तो वाईट नाही गं. एक शब्द बोलला असता तरी...

नळीतला पराग साखरेच्या पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकालाही अंकुर नव्हता. तरी आमच्या झाडाच्या पहिल्या मोहरावर तो कुंचल्यानं लावला आणि वर फडकं बांधलं. फळ धरेल की नाही, ते कळायला अजून अवकाश आहे. मी तेवढं थांबले नाही. तुझ्या घरच्यांचं रागाचं पत्र तुला येईलच, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते: अप्पांनी त्या दिवशी जाताना दिलेला सोयरिकीचा नारळ काल मी स्वतः कळंबला जाऊन त्यांच्या हाती परत दिला.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
महादेवी