नळावरचा पोपट

गोरक्षा,
संधिवातानं तुझ्या आईची बोटं मिटत नाहीत, म्हणून मी नळाला लांब शेपटीचा पितळी पोपट बसवला होता. शेपटी कोपरानं ढकलली की पाणी येतं. आजारपणाची वस्तू वाटू नये म्हणून देखणा घडवला, तर तू तो उपटून बाहेरच्या खोलीत शोकेसात मांडलास! पाहुण्यांनी वाहवा केली आणि आई दुपारपर्यंत तहानलेली बसली. लाज कुठं ठेवलीस?

आज पोपट स्वतःच काच सरकवून नळावर परत गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. जाताना त्यानं तुझ्या रेडिओचं बटण चोचीनं काढून शोकेसात ठेवलं. तिथं झकास दिसतंय. शोकेसाला कुलूप लावून, किल्ली घेऊन मी केडगावला आक्काकडं चाललोय. बातम्या आता कोपरानं लाव.

— तुझा बाप