ट्यूनिंग अजून बाकी आहे

२ नोव्हेंबर, रविवार

स्टिअरिंग सेट आला! तीन पेडल, गिअरचा दांडा, सगळं. दिवाणखान्यात टीव्हीसमोर मांडला. टेबल हलत होतं म्हणून आईचा शेवयांचा पाट क्लॅम्पखाली घातला. आई कुरकुरली. दुर्लक्ष.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हौस म्हणू नये. आचलला सातवा लागला. डॉक्टरबाईंनी काल सांगितलं, डिसेंबर संपला की गाडी चालवायची नाही. जानेवारीअखेरची तारीख दिली. घरात गाडी आहे, पण चालवते एकटी आचल. मी दुकानात स्कूटरने जातो. डॉक्टरबाईंसमोर आचलने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब म्हटलं, शिकतो. त्यात काय?

ड्रायव्हिंग क्लास लावणार नाही. मैदानात बैलासारखं गोल फिरवतात. ‘रेड सिग्नल’ या गेममध्ये अख्खं शहर आहे, ट्रॅफिक आहे, पाऊस आहे, मागे पोलीस आहेत. त्यात जो गाडी काढतो, त्याला आमचं सिंदी मेघे ते दवाखाना म्हणजे काहीच नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी निवडायची होती. सुरुवातीला ‘पिक्सी’ नावाची एक लहानशी डबी फुकट मिळते. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘ब्रूट ७०’ घेतली. काळी, रुंद, आवाज असा की आतल्या खोलीतून आचल विचारायला आली, मिक्सर लागला का.

दुकानात नळाच्या तोट्या विकतानाही डोक्यात ब्रूट. एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच दिली. परत आलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आचलचा लहान भाऊ निकेश रोहण्याला असतो. शेती पाहतो, संध्याकाळी गेम खेळतो. आज त्याच्याशी ऑनलाइन पहिली रेस. तो आला पिक्सी घेऊन! मला हसू आलं. मी म्हटलं, अरे, जिजाजी आहे म्हणून मुद्दाम हरू नको.

हरलो. ब्रूट पहिल्याच वळणावर थेट एका हॉटेलात गेली. दुसऱ्या वळणावर बसस्टॉपमध्ये.

निकेश हेडफोनमधून म्हणाला, “जिजाजी, वळणाच्या आधी ब्रेक मारा ना. काऊन एवढी घाई करून राह्यले?”

त्याला काय कळतं? दोष ब्रेकचा नाही, ब्रेकच्या सेटिंगचा आहे. पुढे जास्त जोर पडतो, मागे कमी. उद्या ट्यूनिंग.

९ नोव्हेंबर, रविवार

ट्यूनिंग हा एक महासागर आहे. गिअर रेशो, सस्पेन्शनची उंची, चाकाचा तिरपेपणा, टायरचं प्रेशर. सकाळपासून बसलो. ब्रूट इतकी खाली आणली की स्पीडब्रेकरवर पोट घासून थांबते. वर केली तर उलटते. सुवर्णमध्य जवळच आहे.

आचलने विचारलं, क्लासचं काय झालं? मी समजावलं की पाया पक्का होतो आहे. उत्तर आईने दिलं.

“मंग मीच लावतो क्लास. घरात दुसरं एक तरी चालवणारं पाह्यजे.”

मला वाटलं, चेष्टा. पण ती उठून शेजारच्या नलूकाकूंकडे क्लासवाल्या प्रभाकररावांचा नंबर मागायला गेली. एकसष्ट वर्षांची बाई. आयुष्यात सायकल नाही चालवली! मी आचलला म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांत कंटाळेल. तेवढंच बाहेर फिरणं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईचं आणि माझं, दोघांचं लर्निंग लायसन्स झालं. प्रश्न सोपे होते. ‘झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसल्यास काय कराल?’ यावर मी क्षणभर अडलो, कारण गेममध्ये माणसं स्वतःच उड्या मारून बाजूला होतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टायरचं प्रेशर सापडलं! पुढे थोडं कमी, मागे थोडं जास्त. ब्रूट लोण्यासारखी वळते. आनंदाने आचलला हाक मारली. ती पोटावर हात ठेवून दारातच उभी राहिली.

“अहो, बाहेर खऱ्या गाडीच्या मागच्या चाकात हवा नाई दोन दिवसांपासून. अन तुम्ही टीव्हीतल्या चाकात भरून राह्यले.”

हा मुद्दा वेगळा आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत करण्यात अर्थ नाही. हवा आईने हातपंपाने भरली. प्रभाकररावांनी शिकवलं म्हणे.

संध्याकाळी निकेशशी रेस. हरलो. लोणी जरा जास्तच झालं. गाडी वळत राहिली आणि वळतच राहिली. तोंड मागे झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ब्रूट ही माझ्या स्वभावाची गाडी नाही हे मान्य करायला मोठेपणा लागतो. तो माझ्याकडे आहे. ब्रूट विकली. आता ‘सुझान जीटी’. निळी, मागे उंच पंख. वजनाला हलकी, वळणावर चपळ. खरं तर पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. गेमवाले सेल्समनसारखी ब्रूटची जाहिरात करतात ना, माणूस फसतो.

रंग निवडण्यात संध्याकाळ गेली. हा वेळ वाया गेलेला नाही. गाडीशी नातं जुळावं लागतं.

आई क्लासहून आली आणि जेवताना हात कसे धरायचे ते ताटावर दाखवत होती. वरण सांडलं. आचल हसली, फार दिवसांनी. मीही हसलो, पण माझं लक्ष गिअर रेशोकडे होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

निकेशसमोर तीन वेळा. तिन्ही वेळा तो पिक्सी, मी सुझान. तिन्ही वेळा पिक्सी. त्याने त्या डबीत अजून काहीसुद्धा बदललेलं नाही. रंगही कंपनीचाच. मी विचारलं, निदान टायर तरी बदललेस का? म्हणे, “नाई जिजाजी, मले त्यातलं समजत नाई. मी नुसती चालवतो.”

असल्या माणसाशी चर्चा होऊ शकत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज खरी गाडी. आचलचाच हट्ट. ती बाजूला बसली. कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर.

तपशिलात जात नाही. एवढंच नोंदवतो की गेममध्ये तिसरं पेडल न दाबताही क्लच आपोआप लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी सात-आठ वेळा बंद पडली. मग एकदा चालली, तेव्हा थांबली नाही. समोर कोणीतरी घर बांधायला रेतीचा ढीग घातलेला होता. रेती मऊ असते. बंपरला काही झालं नाही, म्हणजे फार नाही.

माझं निदान: गाडीचा क्लच उशिरा पकडतो. ट्यून करायला हवा. हे बोललो. आचल दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती. तिने हात सोडले नाहीत. परत येताना गाडी तिनेच आणली.

७ डिसेंबर, रविवार

सुझान विकली. पंखामुळे हवा अडते. आता ‘ओरायन’. चारही चाकांना ताकद. अशा गाडीत माणूस चुकूच शकत नाही.

चुकलो. पण त्याला कारण होतं, वीज गेली. निकेश म्हणतो, वीज जायच्या आधीच मी नाल्यात होतो. रोहण्यात बसून त्याला म्हणे माझ्या टीव्हीतला नाला दिसतो.

१६ डिसेंबर, मंगळवार

आरटीओची टेस्ट. आई आणि मी एकाच दिवशी. आईने नवं पातळ नेसलं होतं, जसं कोणाच्या साखरपुड्याला निघाली.

आधी ती. मी बाहेर उभा राहून मनातल्या मनात तिच्यासाठी सबबी तयार करत होतो, घरी सांगायला बऱ्या पडतील अशा. तिने आठच्या आकड्यात गाडी फिरवली, चढावर थांबवली, पुन्हा काढली. गाडी मागे जराही सरकली नाही. साहेब म्हणाले, “आजी, कोणी शिकवलं?” आई म्हणाली, “प्रभाकररावांनी. पण भेव माह्यं मीच घालवलं.”

मग मी. पहिल्या गिअरमध्ये उत्तम. पुढे रिव्हर्स आला. रिव्हर्सबद्दल माझा अभ्यास कमी पडला, हे कबूल. गेममध्ये चुकलं की एक बटण दाबायचं, गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतात. इथे मागे एक खांब होता. खांबानंतर साहेबांनी उतरायला सांगितलं.

घरी आई गाडी चालवत आली. मी बाजूला. नलूकाकूंनी फाटकातच पेढा हातावर ठेवला. वर विचारलं, “तुमचंई झालं ना जी?” तोंडात पेढा असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

पुन्हा टेस्ट देता येते. घाई नाही. आधी कारण शोधायचं. माझ्या मते मूळ अडचण सीटच्या उंचीची आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

वाईट दिवस.

सुट्टी म्हणून सकाळपासून ओरायनचे गिअर लावत होतो. निकेशशी संध्याकाळी मोठी रेस ठरली होती. आचल आली, मी कानावरून हेडफोन काढला नाही. तिने टीव्ही बंद केला. बटणाने नाही, वायरच ओढली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, “मले जिंकणारा माणूस नाई पाह्यजे. मले दवाखान्यात नेणारा पाह्यजे. मले भेव वाटून राह्यलं, तुमाले समजते का? दुखायले लागलं तर मी कोनाकडे पाहू?”

मी म्हटलं, आई आहे ना.

हे बोलायला नको होतं. तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. आचल म्हणाली, “आई आहेच. मी तुमचं विचारून राह्यली.” आणि आत गेली.

मोठी रेस रद्द. निकेशला मेसेज केला, तब्येत बरी नाही. त्याने विचारलं, ताईची? मी मोबाईल पालथा ठेवला.

ठरवलं: उद्यापासून गेम बंद. रोज पहाटे खरी गाडी. पुन्हा टेस्ट. पास.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे थंडी फार. इंजिन थंड असताना शिकणं गाडीसाठी चांगलं नाही.

३ जानेवारी, शनिवार

गेम बंदच आहे. फक्त गॅरेजमध्ये जाऊन ओरायन पाहतो. रेस नाही, म्हणजे खेळणं नाही. चाकाचा तिरपेपणा किंचित कमी केला.

खऱ्या गाडीतही बसलो. आई बाजूला. ती म्हणाली, “क्लच हळू सोड. अजून हळू. आपल्याले कुठं जायची घाई आहे?” कॉलनीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. म्हणजे, येताना आईने आणली, पण जाताना संपूर्ण मी! एक कुत्रं मधे आलं तर मी ब्रेक लावला. वेळेवर. आचल फाटकात उभी होती. तिने पाहिलं. नंतर तिने दिलेल्या चहात आलं घातलं होतं.

पुढच्या टेस्टची तारीख घेतली. २० जानेवारी. आचलची तारीख २८. आठवडाभर हातात. गणित बसतं.

१० जानेवारी, शनिवार

दोन दिवस दुकानात माल आला, सराव झाला नाही. निकेशचा फोन. पिक्सी विकून टाकली म्हणे, कंटाळा आला, आता खेळत नाही, तूर काढायची आहे. म्हणजे मी एकदाही न जिंकता तो निवृत्त झाला. याला काय अर्थ आहे? माझी ओरायन आता कुठे तयार होत होती.

१५ जानेवारी, गुरुवार. दुपार. दवाखाना.

आईच्या पिशवीत ही वही कशी आली माहीत नाही. कॉरिडॉरमध्ये बसून लिहितो.

सकाळी नाश्ता करताना आचलने खुर्चीची पाठ धरली. म्हणाली, “अहो.” एवढंच. तारखेला तेरा दिवस बाकी होते. मी उभा राहिलो आणि पुढे काय करायचं ते मला सुचेना. खरंच सुचेना. ऑटोवाल्याला फोन लावला, लागेना. किल्ली खुंटीवर होती. मी किल्लीकडे पाहिलं. आचलने माझ्याकडे. आईने किल्ली काढली.

“भूपेंद्र, तू तिले धरून माघं बस. बाकी मी पाहतो.”

आईने गाडी काढली. एकदाही धक्का बसला नाही. रेल्वे पुलापाशी ट्रॅक्टर आडवा होता, तिने हॉर्न न वाजवता वाट पाहिली. मी मागून म्हणत होतो, डावीकडून काढ, जागा आहे, आत घाल. आचलने माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं पांढरी पडली. म्हणाली, “तुम्ही काई सांगू नका. फक्त हात नका सोडू.”

सोडला नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत. आत नेईपर्यंत. तिथे नर्सने सोडवला.

मग तासनतास बाहेर बाकावर. एका नर्सने आईला आत बोलावलं. मला नाही.

१५ जानेवारी, संध्याकाळ

मुलगी. आचल ठीक आहे. दोघी झोपल्या आहेत. मुलीचा रंग आत्ता सांगता येत नाही, पण आवाज ब्रूटपेक्षा मोठा आहे. तिला पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आचलला ते दिसलं. तिने डोळे मिटले आणि हलकेच हसली. हसण्याचं कारण विचारलं नाही. मनात म्हटलं, आज नको.

थोड्या वेळाने वॉचमन आला. आमची गाडी अँब्युलन्सच्या वाटेत होती, ताबडतोब काढा म्हणे. आई आत बाळाजवळ. नर्स बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात देऊन गेली. लायसन्स नाही, असं दहा लोकांसमोर सांगता येईना. नुकताच बाप झालो होतो.

गाडीत बसलो. किल्ली अर्धी फिरवली, म्हणजे स्टिअरिंग मोकळं होईल एवढीच. हँडब्रेक सोडला. काच खाली करून म्हटलं, बॅटरी उतरली आहे, जरा धक्का मारता का? वॉचमन, एक ऑटोवाला आणि कोणाचे तरी दोन पाहुणे आले. चौघांनी ढकलली. मी झाडाखालच्या जागेत वळवून घेतली. थोडी तिरपी लागली. पण लागली. खांब होता, त्याला घासली नाही.

आतून आई खिडकीशी आली होती. तिने पाहिलं की नाही, कळलं नाही.

मुलगी मोठी झाली की सांगेन, तू झालीस त्या दिवशी दवाखान्यात गाडी मी पार्क केली. इंजिन बंद होतं, हे तिच्या आजीला विचारल्याशिवाय तिला कळणार नाही. आजी सांगेलच.