सतरा नंबरची दुसरी घंटा

मंगळवार, ३ मार्च

हॉस्पिटलचं पत्र! आम्ही बसवून दिलेल्या घंटांपैकी सतरा नंबरच्या बेडची घंटा "कधीकधी लागत नाही" म्हणे. कधीकधी! माझ्या धंद्यात याहून वाईट शब्द नाही. एक तर लागते म्हणा, नाहीतर लागत नाही म्हणा. साहेब म्हणाले, "बघून घ्या जरा." साहेबांचं "जरा" म्हणजे आठवडा तरी जातोच.

घंटेचा ड्रायव्हर, म्हणजे पेशंटने बटण दाबलं की ते कॉम्प्युटरला कळवणारा प्रोग्राम, मीच लिहिलाय. तीन वर्षांत एक तक्रार नाही. दोनशे वेळा बटण दाबलं. दोनशे वेळा घंटा लागली. सतरा नंबरवर कोणी आजोबा आहेत म्हणे. बोट नीट पडत नसणार, दुसरं काय! उत्तर ठोकून दिलं: "मी तपासणी केली. यंत्रात दोष नाही."

गुरुवार, ५ मार्च

वॉर्डच्या हेड सिस्टरचा फोन. आवाज असा की मी खुर्चीत आपोआप ताठ बसले.

"मॅडम, तुमचं पत्र आजोबांच्या फाइलला लागलंय. आजोबा म्हणतात, मी दोनदा वाजवतो, तुम्ही एकदाच येता. डॉक्टर म्हणतात, यंत्र बरोबर आहे तर मग आजोबांनाच भास होताहेत. सोळा तारखेला त्यांच्या मुलीला बोलावलंय. वरच्या कुलूपबंद वॉर्डात हलवायचं घाटतंय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचाराल तर ते ठणठणीत आहेत. डोक्याने म्हणतेय मी. काल त्यांनी मला माझ्याच ड्यूट्या पाठ म्हणून दाखवल्या. पण माझं कोण ऐकतंय? तुमचं पत्र आहे ना!"

माझं पत्र. दोन ओळींचं. चहा थंड होतोय म्हणून घाईत खरडलेलं!

शुक्रवार, ६ मार्च

आता लाजेकाजेस्तव नाही, खरंच शोधायला बसले. लाकडी पट्टीला एक छोटी मोटर लावून बटण दाबणारा अंगठा बनवला. अंगठ्याने सकाळपासून पाच हजार वेळा बटण दाबलं. पाच हजार घंटा! शेजारच्या टेबलवाल्याने आधी कानात बोळे घातले, मग रजा टाकली.

एकही घंटा चुकली नाही.

शनिवार, ७ मार्च

हॉस्पिटलात जाऊन ड्रायव्हरमध्ये टेहळणीच्या ओळी घालून आले. बटण दाबलं की आधी यंत्राने वहीत लिहायचं, "दाबलं बरं का!", आणि मग पुढची कामं. आता चोर सापडतोच!

रविवार, ८ मार्च

सुट्टी, पण डोकं कुठे सुट्टीवर जातं? नवऱ्याला सोफ्यावर पेशंट म्हणून निजवलं, हातात बटण दिलं. मी नर्स. त्याने एकदा वाजवून चहा मागितला. मी चहा दिला, आणि वॉर्डात नर्स करते तसा घंटेबरोबर लागणारा दिवा बंद केला. पाच मिनिटांनी उशी मागितली. मग पेपर. मग दुसरी उशी. सगळ्या घंटा व्यवस्थित लागल्या. संध्याकाळी म्हणतो, "अजून खात्री झाली नसेल तर उद्या रजा काढतो."

इतका समजूतदार पेशंट काय कामाचा!

मंगळवार, १० मार्च

गंमतच झाली. टेहळणी सुरू केल्यापासून सतरा नंबरची घंटा चुकेचना. सिस्टर म्हणतात, "आजोबा खूश आहेत, दुरुस्त झालं की हो!" कसलं दुरुस्त? मी फक्त बघत होते. बघायला लागलं की प्रोग्राममधला हा बग साळसूद होतो, पाठ फिरवली की पुन्हा आपले चाळे.

साहेबांना सांगितलं. साहेब उजळले. "मग त्या ओळी तशाच राहू द्या ना!"

"पण का थांबलं ते कळलेलं नाही."

"थांबलं ना? मग? कशाला उकरून काढताय?"

म्हटलं, साहेब, कारण कळलं नाही तर माझं पहिलं पत्र खरंच राहतं. यंत्र तेव्हाही चांगलं होतं आणि आजोबांना तेव्हा भास होत होते, एवढाच अर्थ उरतो. साहेब म्हणाले, "सोळापर्यंत करा काय ते." आमचे साहेब वाईट नाहीत. फक्त त्यांना झोपलेल्या कुत्र्यावर पाय देणारी माणसं आवडत नाहीत.

बुधवार, ११ मार्च

टेहळणी काढली. दुपारपर्यंत दोन घंटा गडप! इतका आनंद झाला की सिस्टरना फोनवर "अरे वा!" म्हणाले. त्यांनी फोन ठेवूनच दिला.

गुरुवार, १२ मार्च

आज हा शहाणपणा सुचला: आपण आजोबांना भेटलोच नाही!

गेले. खिडकीजवळचा बेड, पांढऱ्या मिशा, नजर करकरीत. मला बघून म्हणाले, "घंटावाल्या बाई तुम्हीच का? पत्रावर सही तुमची?" धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. "माझीच," म्हटलं. "चुकलं असेल तर शोधायला आलेय." त्यांनी स्टूल दाखवलं. "बसा. चूक शोधायला आलेला पहिलाच माणूस बघतोय."

मी बसून त्यांचा अंगठा बघत राहिले. घंटा वाजली. नर्स आली, उशी सारखी केली, भिंतीवरचं बटण दाबून दिवा बंद केला, वळली. दिवा विझायला आणि आजोबांचा अंगठा पुन्हा पडायला एकच गाठ! नर्स निघून गेली. घंटा नाही, दिवा नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत!

"आजोबा, दुसऱ्यांदा नेमकं कधी दाबता?"

"दिवा विझला रे विझला की. पोरी एकदा दाराबाहेर गेल्या की हाती लागत नाहीत."

हसू आलं. जाता जाता कामं आठवणारी ही एक जमातच असते. आमच्या सासूबाई त्याच पंथातल्या. आपण चप्पल घातली की त्यांना तीन कामं आठवतात. आणि मी काय केलं? दाबा, थांबा, दाबा, थांबा. माझा लाकडी अंगठाही दोन दाबांमध्ये चांगला दम खायचा. अशा घाईने कोणी बटण दाबेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परत येताना रस्त्यातच सगळं लख्ख झालं. घरी येऊन भिंतीवरच्या पाटीवर नवऱ्याला समजावलं. ड्रायव्हरची एक पाटी असते. बटण दाबलं की तिच्यावर रेघ मारायची. नर्सने दिवा बंद केला की आधी तिच्या टेबलावरच्या यंत्राला कळवायचं, त्याचा होकार येईपर्यंत थांबायचं, मग पाटी पुसायची. या थांबण्यात अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात आजोबांनी नवी रेघ मारली, आणि मी न बघता जुनीबरोबर तीही पुसून टाकली!

"आणि टेहळणीत का सापडलं नाही?"

कारण वहीत लिहिण्यात वेळ जायचा, म्हणून नवी रेघ उशिरा पडायची, पुसून झाल्यावर. वाचली ती नशिबाने.

नवरा म्हणाला, "मग आधी पुसायचं आणि नंतर कळवायचं. सोप्पं आहे."

सोप्पं आहे! आठ दिवस माझं रक्त आटलं आणि हा म्हणतो सोप्पं आहे.

शुक्रवार, १३ मार्च

आहेच सोपं. दोन ओळींची अदलाबदल, आणि एक कुलूप, म्हणजे एकजण पाटीला हात लावत असताना दुसऱ्याने थांबायचं. त्या ओळींच्या वर तीन वर्षांपूर्वीची माझीच टीप सापडली: "इथे घाई नाही." दात ओठ खाऊन खोडली.

लाकडी अंगठ्याला आजोबांची सवय शिकवली. दिवा विझला की लगेच दाब! जुना ड्रायव्हर: दहातल्या नऊ घंटा गायब. नवा ड्रायव्हर: दहा हजारांत एकही नाही. शेजारचा टेबलवाला रजेवरून आजच परतला होता. बिचारा!

शनिवार, १४ मार्च

नवा ड्रायव्हर लिहायला एक तास लागला. नवं पत्र लिहायला तीन. शेवटी असं झालं: "दोष यंत्रात होता. तो माझ्या हातून राहिला होता. पेशंटने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे." साहेब म्हणाले, "'माझ्या' कशाला? 'आमच्या' लिहा, जरा वजन येतं." म्हटलं, पहिल्या पत्रात "मी तपासणी केली" असं ऐटीत लिहिलं होतं, आता गर्दीत कशी लपू? त्यांनी सही केली. खाली स्वतःच्या हाताने "सहमत" असंही लिहिलं. असे असतात कधीकधी.

सोमवार, १६ मार्च

सकाळी सातला जाऊन नवा ड्रायव्हर चढवला. अकराला डॉक्टर, आजोबांची मुलगी, हेड सिस्टर आणि मी. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मी लाकडी अंगठा सोबत नेला होता. जुना ड्रायव्हर, नवा ड्रायव्हर, दोन्ही वाजवून दाखवले. मुलगी रडायलाच लागली. म्हणाली, "मी पण बाबांना म्हटलं होतं, तुम्हाला आठवत नाही म्हणून." डॉक्टरांनी कुलूपबंद वॉर्डाचा कागद फाडला. फाइलमधून काढून, सरळ फाडला!

आजोबांना सांगायला गेले. "म्हणजे मी खरा?"

"तुम्ही खरे."

"लेखी द्या."

"दिलंय आजोबा, फाइलला लावलंय."

"मग ठीक," म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला. "आता बेड बदलत नाहीत ना? नक्की?" तीनदा विचारलं. खिडकी फार आवडते बहुतेक. येताना रिक्षात मी मोठ्याने गाणं म्हटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे!

मंगळवार, १७ मार्च

सिस्टरचा फोन. आज दुसरी घंटा लागली तशी त्या स्वतः परत गेल्या. आजोबांनी आपल्यासाठी काहीच मागितलं नाही. शेजारच्या अठरा नंबरच्या बेडकडे बोट दाखवलं. तिथल्या माणसाची वाचा गेलीय, बटणापर्यंत हात जात नाही. नर्स आलेली दिसली की तो आजोबांकडे बघतो, आणि काय हवंय ते आजोबांना कळेपर्यंत ती निघालेली असते.

इतके दिवस "दुसऱ्यांदा कधी दाबता" एवढंच विचारलं मी. कोणासाठी, ते एकदाही नाही.