राहिलेल्या गोळ्यांची पाळी

आदरणीय केशोराव भाऊजींना आमगावहून बकारामचा नमस्कार. इकडे सारं ठीक, तुमचा गुडघा कसा आहे? (तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद खराब करतो आहे.) मंजूच्या साक्षगंधाला सख्खा मामाच आला नाही, तेव्हा तुमचा राग वाजवी आहे, पण झालं ते ऐका.

धानाची मळणी सुरू झाली की माझ्या नाकाला धार लागते, हे तुम्हाला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. लहानपणी आमची जमुनाबाई थोरल्या बहिणीच्या मायेनं खळ्यावर माझ्या शिंका मोजायची आणि विसावी आली की पदरानं नाक पुसून मला तलावाच्या काठी नेऊन बसवायची. तेवढ्यानंच बरं वाटायचं. बाई वारल्यापासून शिंका मोजणारं कोणी नाही, म्हणून औषधवाल्या देवानंदकडून सेट्रिझिन आणली. शिंका, खाज, वाहतं नाक यांवर चालते; दहा मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, असं त्यानं बजावलं. मी दोन दिवस विसरलो. आता आपण तलावाच्या पाण्यावर वाढलेली माणसं! एखाद्याची पाण्याची पाळी चुकली तर पुढच्या खेपेला भरून मिळते. त्याच न्यायानं साक्षगंधाच्या सकाळी मागच्या दोन आणि आजची एक अशा तीन गोळ्या गिळल्या आणि आगगाडीत बसलो. (गोळी घेऊन गाडी चालवू नका, असं देवानंद म्हणाला होता. चालवणारा ड्रायव्हर होता, मी नव्हे.) सालेकस्याला उतरायचं सोडून थेट डोंगरगडला टीसीनं हलवून उठवलं.

परतल्यावर देवानंदनं झापलं, "मामाजी, हे का तलावाचं पानी होय? राह्यली गोळी त राह्यली! चोवीस तासात एकच. अन् किडनीचा तरास असन त डॉक्टरले इचारल्याबिगर तेही नाही." सर्दीच्या गोळीतही बरेचदा असलंच औषध असतं, दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, वरून मोहाची दारू तर नाहीच, हेही सुनावलं. तुम्हीही ध्यानात ठेवा.

मंजूला आशीर्वाद.

तुमचा,
बकाराम

ता. क. : गोळीला सगळाच दोष देणं बरं नाही. डुलक्या येत होत्या हे खरं, पण सालेकसा आलं तेव्हा माझे डोळे उघडे होते. मला घ्यायला मंजू स्वतः फलाटावर आली होती, बाईचं हिरवं लुगडं नेसून. मला वाटलं, बाईच उभी आहे. पाय उचललेच नाहीत, भाऊजी. गाडी सुटेपर्यंत तोंड लपवून रडत बसलो.

आणखी एक : लग्नात मुलीच्या मागं मामा उभा राहतो. ती जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला देणार असं कानावर आलं. देऊ नका. बाईच्या माहेरचा आता मी एकटाच उरलो आहे.