वाऱ्याकडे पाठ

बाबा, आज आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, डोळे दाखवायला डहाणूला घेऊन गेले होते. महिनाभर त्याचा उजवा डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही. तुझ्यासारखाच तळहाताने डोळा झाकून बसतो. डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून पाहिलं आणि म्हणाल्या, डोळ्याच्या आत सूज आहे, मागच्या पडद्याला पाणी धरलंय. मग त्यांनी विचारलं, बिडी ओढता का. तो हो म्हणाला आणि घाम मला फुटला.

कासाच्या दवाखान्यात तुझा डोळा दाखवला तो दिवस आठवतोय. मी आश्रमशाळेत सातवीला, मला शहरातलं मराठी कळायचं म्हणून तू मला सोबत नेलंस. डॉक्टर भराभर बोलत होते आणि तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. बाहेर आल्यावर विचारलंस, "काय सांगलं?" मी म्हणाले, "धूर डोळ्याला लागू द्यायचा नाही."

तेव्हापासून तू वाऱ्याकडे पाठ करून बिडी ओढायला लागलास. दुखऱ्या डोळ्यावर फडकं बांधायचास. आईला चूल परसात मांडायला लावलीस. मी एकदा ओली लाकडं लावली तर केवढा ओरडलास. औषधाचे थेंबही वेळच्या वेळी घालायचास. सूज उतरायची, परत चढायची. वर्षभरात डोळा गेला. तू चिकू तोडायला जायचास त्या वाडीच्या मालकाने तुला झाडावर चढायची बंदी केली. दुसऱ्या डोळ्यालाही अंधूक दिसायला लागलं. मग खाली बसून तू चिकू तयार आहे का बघायला नखाने त्याची साल खरवडायचास आणि मला विचारायचास, आत हिरवं दिसतं की पिवळं. मला ते विचारणं सहन व्हायचं नाही.

आज बाईंनी धाकट्याला नीट समजावलं. धूर बाहेरून लागतो म्हणून नव्हे, तो रक्तातून डोळ्यापर्यंत जातो. औषधाने उतरलेली सूज बिडीने पुन्हा वाढते. सोडली नाही तर नजरेची खात्री देता येणार नाही. घरी, उधव्याला जाणाऱ्या जीपची वाट बघताना त्याने खिशातून बंडल काढलं, पण नुसतं हातात धरून ठेवलं.

"बाय, बाबाला पण बिडी सोड सांगलेलं का?"

मी नाही म्हणाले.

"मग त्याचा बिडीनं नाय गेला," असं म्हणून त्याने वाऱ्याकडे पाठ केली आणि काडी ओढली. उभं राहायची ती पद्धत तुझीच.

सांगितलं होतं, बाबा. बिडी बंद करा, नाहीतर डोळा जाईल, असंच सांगितलं होतं आणि मला शब्द न् शब्द कळला होता. पण संध्याकाळी आपट्याच्या पानात तंबाखू घालून मी तुझ्या बिड्या वळायचे, तेवढा वेळच तू माझ्याशी गोड बोलायचास. तो वेळ मला सोडवला नाही.

हे आधी धाकट्याला सांगायला हवं. तो बाहेर ओट्यावर बसलाय, बिडीचा वास आत येतोय, आणि तू गेलास तरी मी तुलाच लिहीत बसले आहे.