खळीखाली गेलेले चार मैल

मंगळवार, सकाळ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यांचं विमान परवा दुपारपासून बेपत्ता आहे. यांच्यासकट दहा माणसं. काल शोधपथक हात हलवत परत आलं, तसे उतारूंचे नातेवाईक मी काम करते त्या विमानतळाच्या मनोऱ्यात घुसले. फोनच्या तारा उपटल्या, साहेबांचे दोन दात पाडले. वैमानिकाची बायको हीच, असं कुणीतरी ओरडलं आणि माझ्या कपाळावर दगड बसला. चार टाके पडले. फोन बंद, म्हणून हे पत्र ट्रकवाल्याबरोबर. उत्तर घेऊनच तो निघेल.

विमानाचा शेवटचा संकेत दोन मनोऱ्यांनी पकडला. आमच्यापासून अंतर पन्नास मैल, डोंगरातल्या मनोऱ्यापासून साठ. नकाशावर तेवढी वर्तुळं काढली. ती दोन ठिकाणी छेदतात. एक जागा भरवस्तीत, तिथे काही पडलेलं नाही. दुसरी कड्यावर, तिथेही काही नाही. नकाशाची प्रत पाठवते. चूक काढ, दादा. ते जिवंत असले तर पाणी आजच्यापुरतंच आहे.

तुझी ठकी

मंगळवार, दुपार

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

ट्रकवाला हॉर्न बडवतो आहे, त्यामुळे नववीचा भूमितीचा तास बुडाला. तुझे उपकार वर्ग जन्मभर विसरणार नाही. दगड मारणाऱ्याला मी भेटणार आहे. शास्त्रांत क्षमेची स्तुती पुष्कळ आहे, पण लाथेला स्पष्ट मनाई मला तरी कुठे आढळली नाही.

वर्तुळं निर्दोष आहेत, केंद्रं चुकली. दोन मनोऱ्यांत चौऱ्याऐंशी मैल आहेत. तुझ्या प्रतीवर ऐंशीच भरतात. नकाशा दोन तुकडे चिकटवून केलेला, आणि सांध्यात चार मैल जमीन खळीखाली गेली आहे. माझ्या अखंड नकाशावर छेद तीन मैल सरकून कड्यापलीकडच्या घळीत पडतो. खूण केली आहे.

लहानपणी पुस्तकांना कव्हर घालताना तू धड्याच्या ओळीसुद्धा चिकटवायचीस. तेव्हा खळ कुणी लावली, हे मी विचारत नाही. आधी माणसं.

तुझा दादा

गुरुवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घळीतच होतं. कड्याला घासून विमान मधोमध फाटलं. मागचे पाच जण जागीच चिरडले. यांनी कुऱ्हाडीनं पत्रा फोडून चौघांना ओढून काढलं. त्यांतले दोघे, एक गवंडी आणि एक नर्स, सोमवारी संध्याकाळी गेले. इस्पितळात यांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापला.

सोमवारी पथकानं कड्यावर उडवलेले इशाऱ्याचे बार घळीत ऐकू येत होते. घशातून रक्त येईपर्यंत हे ओरडले.

शोध यंत्राच्या दोषानं चुकला, असा अहवाल साहेबांनी टाइप करून ठेवला आहे. नकाशाचे तुकडे मी जोडले होते, हे मी यांना सांगितलं. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, गवंडी शेवटपर्यंत त्या नर्सला धीर देत होता, बार जवळ येतायत म्हणून. ते त्याच्या घरी जाऊन सांग. आणि बार जवळ का आले नाहीत, तेही तूच सांग.

त्याच्याच घराच्या पायरीवर बसून लिहिते आहे. आत त्याचे भाऊ आहेत, आवाज चढलेले. कागद ट्रकवाल्याच्या हाती देते आणि कडी वाजवते.

लोभ उरला तर राहू दे.

तुझी ठकी